एकाच मापाच्या दोघी

"माप काय?" लोकरीच्या दुकानातल्या मेरेआनाने विचारलं, आणि विचार करायच्या आधीच नोएलीनच्या तोंडून निघून गेलं, "माझंच धर. बहिणीसाठी करतेय, पण आम्हा दोघींचं माप एकच." मेरेआनाने तिच्या खांद्यांवरून एक नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि करड्या लोकरीच्या लड्या काउंटरवर रचायला लागली. "ब्रियोशची वीण लोकर खाते हं," ती म्हणाली. "एक लडी जास्तच न्या. उरली तर मी परत घेईन." नोएलीन म्हणाली, "मला नको शिकवूस, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून विणतेय मी." मेरेआना हसली. तिच्या हनुवटीवरचं नवं कोरं माओरी गोंदण हसताना जरासं रुंद झालं. "मग तर दोन न्या," ती म्हणाली. पिशवी बगलेत मारून नोएलीन दुकानाबाहेर आली, आणि दोन-चार पावलं चालून जाते न जाते तोच फुटपाथच्या मधोमध उभी राहिली. दक्षिणेकडून येणारा जूनचा, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याचा, वारा गल्लीत घुसून माणसांच्या टोप्या उडवत होता. विद्यापीठातली पोरं अर्ध्या चड्डीत, हातात गरम पाईचा कागद धरून तिला वळसा घालून जात होती. ती हलली नाही. आम्हा दोघींचं माप एकच. हे वाक्य ती लहानपणापासून बोलत आली होती, चपलांच्या दुकानात, शिंपिणीकडे, नाचाचे झगे उसने मागताना. बोलायला काही लागतच नव्हतं, जीभच बोलायची. आज पहिल्यांदाच ते खोटं होतं, आणि दुकानातल्या त्या पोरीला ते कळायचं काही कारण नव्हतं. परत जावं, सांगावं की बाई गं, चुकलं माझं, असा विचार मनात आला. पण सांगायचं काय? की तिचं माप मला ठाऊक नाही? सख्ख्या बहिणीचं, जी भिंतीपलीकडच्या खोलीत झोपते तिचं? बस आली तशी ती चढली आणि खिडकीशी बसून राहिली.

बस टेकडी चढताना नेहमीसारखी कण्हत होती. खाली बंदर, त्यावर धुकं, द्वीपकल्पाची टेकाडं त्यात अर्धी बुडालेली. नोएलीनला वाटलं, मी सगळ्याचा विचार केला. खरंच केला होता तिने. बहिणीचा, रेविनचा, डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून डोक्यातून घालायचं काही चालणार नाही. समोरून उघडं, एकावर एक पदर घेऊन कमरेला बांधायचं, तसं हवं. किरणं दिल्यापासून काखेजवळची कातडी अशी झालीय की कपड्याची साधी शिवण घासली तरी रेविन दात आवळते, म्हणून शिवणच नको. गळ्यापासून खाली एकाच धाग्यात उतरत जायचं, कुठे जोड म्हणून नाही. हात कधी सुजतो, कधी उतरतो, म्हणून ऐसपैस, ताण देईल अशी वीण, म्हणून ब्रियोश. आई तिला दर्यावरच्या कोळ्यांची वीण म्हणायची, आताच्या पोरी ब्रियोश म्हणतात. नावं काहीही ठेवा, त्या विणीला उलटी बाजू नसते, त्यामुळे सकाळी चष्मा न लावता घातलं तरी चुकत नाही. इतका सगळा बारकाईने केलेला विचार. आणि एवढं सगळं करताना, मार्चमध्ये इस्पितळातून घरी आणल्यापासून आजपर्यंत, तिने एकदाही बहिणीकडे गळ्याच्या खाली बघितलं नव्हतं. यात लाज कसली, असं तिने मनाला समजावलं. रेविनला एकांत हवा, आपण देतो. मर्यादा म्हणून काही असते की नाही. पण बसच्या काचेत दिसणारी बाई तिच्याकडे बघत होती आणि त्या बाईला हे काही पटलेलं दिसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी, चहाच्या वेळेला, रेविन म्हणाली, "क्रेगचा फोन होता." क्रेग हा रेविनचा मुलगा, क्राइस्टचर्चला राहतो, घरांची छपरं घालतो, बोलायला मोकळा आणि मनाने चांगला. "मागची खोली रिकामी केलीय म्हणतो माझ्यासाठी. हीटर बसवलाय. ऑगस्टमध्ये येऊन घेऊन जाईन म्हणतो." नोएलीनने चीज रोल भाजायला ठेवले होते, ती ते उलटत राहिली. "तुला जायचंय?" "तसं काही नाही. पण तुझी किती तारांबळ होते माझ्यापायी." "माझी कसली तारांबळ?" "होते बाई," रेविन म्हणाली आणि चमच्याने चहा ढवळत राहिली, साखर घेत नसतानाही. नऊ वर्षं दोघी या घरात होत्या, रेविनचा नवरा गेल्यापासून. नोएलीनने लग्न केलं नव्हतं. जन्मभर शाळाशाळांतून पोरांचे दात तपासत फिरली होती. लाळ, रक्त, पू, रडणं, लाथा, यातलं काही तिला कधी नकोसं झालं नाही. पोरं तिच्या खोलीला खाटीकखाना म्हणायची, त्याचंही तिला हसू यायचं. आता तिला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "तुझ्यासाठी एक स्वेटर घेतलाय करायला." रेविनने पिशवीत डोकावून बघितलं. "म्हाताऱ्या मेंढीचा रंग," ती म्हणाली. "शोभेल तुला," नोएलीन म्हणाली. रेविन हसली, पण उठून आपल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. पूर्वी त्या दाराला कडी असते हेसुद्धा कुणाच्या लक्षात नव्हतं. आता रोज कडीचा आवाज येत होता.

तिने गळ्यापासून सुरुवात केली. एक टाका विणायचा, पुढचा न विणता नुसता उचलून घ्यायचा आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर धागा टाकायचा, थंडीत शेजारणीच्या खांद्यावर शाल टाकावी तसा. परतताना त्या दोघांना, टाक्याला आणि त्याच्या शालीला, एकत्र विणून घ्यायचं आणि आता शेजारच्याला शाल द्यायची. एवढंच. हे एकदा बोटांना कळलं की डोक्याला काही काम उरत नाही, आणि रिकामं डोकं कुठे जाईल याचा नेम नसतो. नोएलीनचं डोकं लहानपणच्या, बालक्लुथाजवळच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये गेलं. लोकरीचा तेलकट वास, पत्र्याच्या छपरावर वाजणाऱ्या गारा, कातरणाऱ्यांच्या घामेजल्या पाठी, आणि कोपऱ्यात लोकरीच्या ढिगात बुडून बसलेल्या दोन मुली, फक्त डोकी वर. आई एका मापाचे दोन स्वेटर विणायची. एकीला मोठा व्हायचा, दुसरीला बरोबर, मग पुढच्या हिवाळ्यात दोघींना बरोबर. नंतर तर कुठला कुणाचा हे राहिलंच नाही. सेंट क्लेअरच्या किनाऱ्यावर दोघी एकाच टॉवेलखाली कपडे बदलायच्या, दातावर दात वाजत असायचे, ओल्या कातडीला ओली कातडी चिकटायची, वाळू टोचायची, आणि यात आपण एकमेकींना उघड्या बघतोय असं दोघींच्याही मनात येत नसे, जसं आपलाच गुडघा बघताना येत नाही. मग एका वर्षी रेविनला छाती आली. नोएलीनला नाही. काय जळली होती ती! रेविनची अंतर्वस्त्रं चोरून तिने आत शेडमधली कच्ची लोकर कोंबली आणि हॉलमधल्या नाचाला गेली. अर्ध्या तासात अशी खाज सुटली की ज्या मुलाबरोबर नाचत होती तो म्हणाला, "तुला पिसवा झाल्यात का?" रेविनने तिला मागच्या अंगणात नेलं, एका हाताने लोकर उपसून काढली, दुसऱ्या हाताने तिचं तोंड दाबून धरलं, कारण दोघींना हसू आवरत नव्हतं. त्या हाताचा वास नोएलीनला आत्ता, इतक्या वर्षांनी, सुईवर आला. मान वर केली तेव्हा खिडकीबाहेरचं बंदर काळं पडलं होतं आणि मांडीवर हाताएवढी करडी पट्टी तयार होती, दोन्हीकडून सारखी, जाड उभ्या पन्हळींची.

बुधवारी ती चर्चच्या हॉलमध्ये गेली. तिथे बायका विणायला जमतात, हीटरभोवती खुर्च्या ओढून. गेली काही वर्षं तिथे बहुतेक एकच गोष्ट विणली जाते: ज्यांची छाती काढून टाकलीय अशा बायकांसाठी मऊ सुती धाग्याचे गोल, आत हलका कापूस भरलेला, पुढे छोटंसं टोक. मोठ्या टोपलीत ते ढिगाने पडलेले असतात, गुलाबी, तपकिरी, एखादा जांभळासुद्धा, आणि ग्लेनिस त्यातला एक उचलून डोक्यावर ठेवते. "माझी टोपी बघा गं, बिशपला आवडेल का?" ग्लेनिस ब्याऐंशीची, तीन नवरे पुरून बसलेली, तिच्या तोंडाला लगाम नाही. त्या दिवशीही तिने तेच केलं आणि सगळ्या हसल्या. नोएलीनने स्वतः असे कितीतरी केले होते. अनोळखी बायकांसाठी, मापं चिठ्ठीवर आलेली, मोठं, मध्यम, लहान. करताना कधी हात अडला नव्हता. एप्रिलमध्ये तिने रेविनसाठीही एक केला होता, सगळ्यांत मऊ धागा शोधून, रंग जुळवून. आणि काय केलं, तर रेविन अंघोळीला गेलेली असताना तो तिच्या पलंगावर उशीशी ठेवून आली. चिठ्ठी नाही, शब्द नाही. तिला वाटलं होतं, अशा गोष्टी न बोलताच द्याव्यात. तिच्या मनात एखाद्या आजारी पोराच्या उशाशी खेळणं ठेवावं तसं काहीतरी होतं. रेविन बाहेर आली, दार लागलं, आणि कडीचा पहिला आवाज त्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी तो गोल स्वयंपाकघरातल्या टोपलीत, शिवणाच्या सामानात पडलेला होता. त्यावर दोघींपैकी कुणीही काही बोललं नाही.

"करड्यात काय विणतेस?" ग्लेनिसने विचारलं. नोएलीनने सांगितलं. ग्लेनिसने पट्टी हातात घेऊन ताणून बघितली, उलटून बघितली. "झकास. घालून बघितलंस का तिला?" "अजून नाही. बाह्या वेगळ्या केल्या की बघेन." "तेव्हा तरी बघ. वरून खाली विणायचं ते कशासाठी, घालून घालून बघता येतं म्हणूनच ना. नाहीतर शिवून जोडायचे तुकडे काय वाईट?" "ठाऊक आहे मला." "ठाऊक असेल. पण तुझ्या तोंडावर दिसत नाही," ग्लेनिस म्हणाली आणि परत आपल्या गुलाबी गोलाकडे वळली. नोएलीनला तिचा राग आला. घरी जाताना बसमध्येही तो उतरला नाही, आणि तो ग्लेनिसवरचा नव्हता हे तिला कळत होतं, म्हणून जास्तच चढला.

तरी तिने रेविनला बोलावलं नाही. बाह्यांचे टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवले, आणि आपल्या खोलीत जाऊन, दार लावून, आरशासमोर स्वतःच घालून बघितलं. बसलं. असं बसलं की तिला आपल्याच खांद्यांचा हेवा वाटला. ऊब एकदम आली, आतून पेटवल्यासारखी. दोन्ही पदर तिने समोर ओढून एकावर एक घेतले, डावा वर, मग उजवा वर. पाठ सैल, काखेत मोकळं, कुठे बोट घातलं तरी शिवण नाही. ती तशीच पलंगावर बसली. आरशात रेविन बसली होती असं काही क्षण तिला वाटलं. म्हातारपणी दोघींचे चेहरे एकमेकींकडे सरकत आले होते, बसथांब्यावर लोक फसायचे. बघ, ती मनात म्हणाली, बरोबरच आहे माझं माप. तिथून पुढे ती वेगाने विणायला लागली. सकाळी उठली की विणायची, रेडिओ लावून, रेडिओत काय चाललंय ते न ऐकता. एक टाका, एक शाल. बाहेर जून संपून जुलै लागला. दंव गोठून घसरगुंडी झालेल्या रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी सकाळी घरघरत जायची, शेजारच्या बागेत तुई पक्षी घसा खाकरल्यासारखा ओरडायचा. छातीच्या भागात आल्यावर तिच्या हातांनी मध्येच उलट फिरून दोन्हीकडे थोड्या जादा ओळी घातल्या, पुढे जरा फुगवटा यावा म्हणून. आपल्यासाठी करताना ती नेहमीच घालायची. नाहीतर पुढचा काठ वर चढतो. हातांनी विचारलं नाही, तिनेही थांबवलं नाही. त्या वेळी ती मनाने समुद्राच्या कोमट पाण्याच्या तलावात होती, रेविन तिला पाठीवर तरंगायला शिकवत होती, एक हात मानेखाली, एक पाठीखाली. "सोडते हं," रेविन म्हणायची. "नको सोडूस." "अगं, सोडलाय कधीचा." पाणी कानात जायचं आणि जगाचा आवाज बंद व्हायचा. नोएलीनने सुई बदलली आणि पुढची ओळ घेतली.

ऑगस्टच्या आधीच्या शनिवारी क्रेगचा पुन्हा फोन आला. नोएलीन पलीकडच्या खोलीत होती, पण घर लहान. रेविन म्हणत होती, "नाही रे, भांडण कसलं. चांगली वागते. फार चांगली वागते. पाहुणीशी वागावं तशी वागते." मग बराच वेळ तिकडचं ऐकत राहिली. "हो. ये म्हणते ना. पंधरवड्याने ये." नोएलीनच्या हातातला टाका निसटला. ब्रियोशमध्ये टाका निसटला की तो एकटा जात नाही, आपली शाल घेऊन खाली खाली घसरतो, आणि कुठला टाका, कुठली शाल हे सांगणं मुश्कील. तिने तो तसाच घसरू दिला. दारात जाऊन उभी राहिली. "रेविन," ती म्हणाली, "जरा घालून बघतेस का? पदर कुठवर आणायचे ते बघायचंय." हे बोलायला तिला किती जोर लागला ते तिचं तिलाच माहीत. रेविनने फोन ठेवला होता. "आत्ता?" "उजेड आहे तोवर."

दुपारचं तिरपं ऊन बैठकीच्या खिडकीतून आत आलं होतं. रेविनने अंगातलं जुनं कार्डिगन काढलं. खाली फ्लॅनेलचा सैल शर्ट होता. नोएलीन तिच्या मागे गेली, डावा हात आधी, हळूच, कोपर न वळवता, मग उजवा. मागे उभं राहायला तिला बरं वाटलं. मग तिला पुढे यावंच लागलं. तिने नजर गळ्यावर ठेवली, मग पदराच्या काठावर, मग कमरेच्या पट्ट्यावर. पट्टा बांधला आणि दोन पावलं मागे सरकली. आणि तिने बघितलं, कारण आता न बघणं शक्य नव्हतं. उजवीकडे सगळं बरोबर होतं. डावीकडे, तिने जादा घातलेल्या ओळींनी, एक रिकामी पिशवी तयार झाली होती. लोकर तिथे पुढे फुगून मग खाली लोंबत होती, आत काही नसलेल्या खिशासारखी. इतकी ऐसपैस वीण, कुणाच्याही अंगावर बसेल अशी. नुसती सरळ विणली असती तर काही कळलंसुद्धा नसतं. पण तिच्या हातांनी तिथे मुद्दाम जागा करून ठेवली होती. रेविनने मान खाली घालून ती पिशवी बघितली. उजव्या हाताने चिमटीत धरून उचलली आणि सोडून दिली.

"ही कोणासाठी गं?" ती म्हणाली.

नोएलीनने खाली वाकून जमिनीवरचा लोकरीचा गोळा उचलला.

"एकदा उशीवर ठेवलास तो. आता अंगातच विणून दिलंस," रेविन म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुला ती परत यायला हवीय का? येणार नाही ती. मी बघितलंय रोज, येत नाही."

"चुकलं माझं. उसवते. उसवून सरळ करते."

"उसव ना. पण कशावरून करणार? परत स्वतःला आरशात बघून?" नोएलीनने चमकून वर बघितलं. "भिंत पातळ आहे आपली," रेविन म्हणाली. "पलंग वाजला तुझा, बराच वेळ बसली होतीस. मला वाटलं, आता बोलावेल. आता बोलावेल. नाही बोलावलंस." ती खुर्चीच्या पाठीला टेकली. "नर्स पट्टी बदलायला यायची तेव्हा तू किटली ठेवायला जायचीस. दर वेळी. ती बिचारी म्हणायची, मी चहा घेत नाही हो, तरी तू जायचीस. मला वाटलं, हिला किळस येते. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घातलेली बाई, हिला माझी किळस येते. तर मग कशाला राहायचं इथे."

"किळस नाही गं," नोएलीन म्हणाली. "देवाशपथ नाही."

"मग काय?"

"भीती वाटते."

"कशाची? मी काय चावते?"

"मी बघितलं की ते झालं, असं होईल म्हणून." हे बोलून झाल्यावर तिला आपलं वाक्य फारच पोरकट वाटलं, सहा वर्षांच्या पोराने खुर्चीत बसून तोंड घट्ट मिटून घ्यावं तसं. अशा किती पोरांना ती म्हणाली होती, उघड बाळा, बघितल्याने दुखत नाही. "अजून नाही झालं असं वाटतं मला, दार लावलेलं असलं की. तू आत पहिल्यासारखीच आहेस असं वाटतं. मला पहिल्यासारखीच हवी होतीस. आणि आता तू जाणार, आणि तो येणार पंधरवड्याने, आणि मी तुला एकदासुद्धा म्हटलं नाही की जाऊ नकोस. जाऊ नकोस तू. मला नाही जमणार."

बाहेर कुणीतरी लॉनवरची ओली पानं खरडत होतं, तो आवाज येत होता. मग रेविनने पट्टा सोडला. स्वेटर खांद्यांवरून उतरवून खुर्चीवर ठेवला, सुया खणखणल्या. उजव्या हाताने शर्टाची वरची गुंडी काढली, दुसरी काढली. तिसरीला बोट अडखळलं. "थंडी वाजते," ती म्हणाली, "लवकर बघ." नोएलीन पुढे झाली आणि उरलेल्या गुंड्या तिने काढल्या.

तिने बघितलं. काखेतून छातीच्या मध्यापर्यंत एक तिरपी रेघ होती, ठिकठिकाणी गुलाबी, ठिकठिकाणी पांढरी पडत चाललेली. तिच्याभोवतीची कातडी किरणांनी करपून तपकिरी झाली होती, मानेवरच्या उन्हाने रापलेल्या कातडीसारखी. बरगड्या वर आल्या होत्या; त्या कधी दिसल्याच नव्हत्या, आता मोजता आल्या असत्या. आणि शेजारी, उजवीकडे, ती दुसरी, म्हातारी, ओळखीची. एवढंच होतं. नोएलीनला वाटलं होतं तसं काही नव्हतं, आणि काय वाटलं होतं तेही तिला आता आठवेना. तिला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. "काय दिसतंय?" रेविनने विचारलं. ती वर, छताकडे बघत होती. "बरगड्या," नोएलीन म्हणाली. "खात नाहीस तू." "तुझ्या हातचे चीज रोल रोज रोज कोण खाणार." दोघींनाही हसू आलं, आणि हसताना ती रेघ जराशी हलली, बाकीच्या रेविनबरोबर.

नोएलीनने खिशातली मापाची फीत काढली, मग परत ठेवली. "कुठवर दुखतं?" हे विचारायला तिला मार्चपासून आत्तापर्यंतचा वेळ लागला होता. "काखेत. तिथे बोट लावू नकोस. काठाकाठाने आग होते." रेविनने आपल्याच बोटाने हवेत रेघ दाखवली. "मध्ये काही नाही. मध्ये मेलंय सगळं. काही लागत नाही." "लावू?" "लाव. माप घ्यायचंय ना तुला." नोएलीनने दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग उजवा तळहात, बोटं पसरून, तिने त्या सपाट जागेवर ठेवला, मध्यावर, काखेपासून लांब. करंगळीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत किती भरतं ते मनाशी धरलं. तळहाताखाली बरगडी होती, बरगडीखाली काहीतरी चालत होतं, जोरात. माप केव्हाच झालं होतं. तिने हात उचलला नाही. पुढच्या पंधरवड्यात क्रेग येईल, त्याला काय सांगायचं हे ठरायचं होतं, पिशवी उसवायची होती, निसटलेला टाका शोधायचा होता. ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली सरकलं. रेविन अजून छताकडेच बघत होती.

"ठेवलास का हात?" तिने विचारलं. "मला कळत नाही. सांग."

"ठेवलाय," नोएलीन म्हणाली.